रेस सोडताना

कॅम्पातल्या लिलावातली जीप
आधी मष्णू गावड्यानं घेतली, त्याच्याकडून मी.
हिरव्या रंगाखाली आणखी एक हिरवा रंग,
त्याच्याखाली पांढरा आकडा, बहुतेक सात.
विकताना मष्णू म्हणाला,
"गाडी सरळ हाय खरं, रस्ताच जरा तिरका हाय."
मी हसलो. पैसे मोजून दिले.

जांबोटीपर्यंत काही कळलं नाही.
पुढे चढ लागला, दुसरा गिअर, रेस दिली
आणि जीप उजवीकडे निघाली,
जशी म्हैस ओळखीच्या गोठ्याकडे निघते,
दावं न ओढता, नुसती मान वळवून.
समोरून पणजीची बस.
दचकून पाय उचलला
तर तीच जीप डावीकडे, थेट गटारीला भेटायला.
मागे हौद्यात लग्नाची पातेली
एकमेकांवर आपटून माझ्या वतीनं ओरडली.

मग शिकलो.
रेस द्यायच्या आधी स्टिअरिंग दोन बोटं डावीकडे,
सोडायच्या आधी दोन बोटं उजवीकडे.
आधी.
नंतर म्हणजे गटार.
दोनशे खुर्च्या लादल्या असतील तर तीन बोटं,
उतारावर चिखल असेल तर
बोटं मोजायची नाहीत, कणकुंबीच्या माउलीला नारळ बोलायचा.

तेव्हा आठवलं,
ट्रायल देताना मष्णू
भातपिकाचं, जावयाचं, डिझेलचं बोलत होता
आणि त्याची मनगटं
पायांच्या आधी हलत होती.
तोंड खोटं बोलत होतं, हात नाही.
मी तोंडाकडे बघत होतो.

भांडी घासायला येणारी निंगव्वा शेजारी बसायची,
तळव्यावर तंबाखू मळत.
वर्षभरात तिलाही लागलं ते वळण.
मी पाय उचलणार, त्याच्या श्वासभर आधी
ती चुन्याची डबी छातीशी धरून
उजव्या अंगाला कलायची, म्हणायची "बंतु, बंतु",
आणि खरंच यायचं.
रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटत असेल
ही दोघं कुठल्या गाण्यावर डोलतायत.

अकरा वर्षं.

मग एक दिवस दस्तगीर मेस्त्री खाली शिरला,
पहारीनं मागचा उजवा पाटा उचकला
आणि तिथूनच म्हणाला, "बुश कुठाय?"
रबराच्या जागी चिमूटभर काळी भुकटी.
"रेस दिली की ह्या अंगाचा आस पुढं, सोडली की मागं.
गाडी वळत न्हाई ओ, तिचं बूड वळतंय."
एकशे ऐंशी रुपये.
चहा धरून एकशे नव्वद.

दुसऱ्या दिवशी, तोच चढ.
रेस दिली, दोन बोटं डावीकडे,
आणि सरळ झालेली जीप
माझ्या शब्दावर विश्वास ठेवून
डावीकडे गटारीत.
निंगव्वा कलली होती डाव्या अंगाला,
तंबाखू मात्र उडाली माझ्या शर्टावर.
एक चाक हवेत, इंजिन चालू.
ती खाली उतरली, चाकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं,
म्हणाली, "आता तुला नेऊया मेस्त्रीकडं."

तीन महिने झाले.
सरळ गाडी सरळ चालवायला
अजून मला मुद्दाम आठवावं लागतं.
हात हळूच निघतात, मी त्यांना परत बोलावतो,
सवय सुटलेल्या बैलासारखे ते येतात,
एक पाऊल येतात.

परवा खानापूरच्या बसमध्ये मष्णू दिसला,
दोन सीट पुढे, खिडकीशी,
मांडीवर पिशवी, पिशवीवर हात. झोपेला आलेला.
उतार आला.
ड्रायव्हरनं रेस सोडायच्या जरासं आधी
मष्णूचं मनगट
दोन बोटं
उजवीकडे फिरलं.

मी हाक मारली नाही.