टाळू

ओरोसच्या दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो उजेडाला लावला.
फासळ्या दिसल्या, मणके दिसले,
गळ्याखाली दोन हाडं आडवी असतात
तिथं नुसताच काळोख.
"घरात आणखी कुणाला?"

मी शर्टाचं वरचं बटण काढलं,
दोन्ही खांदे छातीसमोर आणून
टेकवले एकमेकांना,
शिंप मिटावी तसे.
शाळेत हे दाखवायचे मी चार आणे घेत असे.
डॉक्टर लिहीत राहिले.
नाव इतकं लांब की कागदाच्या कडेला जाऊन मोडलं.

आमच्यात त्याला नाव नव्हतं.
माझा बापूस, लवू तांडेल,
निवतीच्या बंदरात त्याला सापसुरळी म्हणत.
इंजिनाखालच्या फटीत, जिथं पोरगंही शिरत नाही,
तो खांदे दुमडून उतरायचा
पाना दातांत धरून.
त्यापायी अर्धा वाटा जास्त मिळे.
पालखीला मात्र त्याचा खांदा कुणी मागितला नाही.
तो गेला तेव्हा तिरडी
माझ्याही खांद्यावरून घसरली,
चुलत्यानं काही न बोलता मला बाजूला केलं.

आणि ही सुलक्षा.
हिची टाळू भरेचना.
पाच वर्षं झाली, सात झाली,
बायको रोज रात्री खोबरेल जिरवी,
बोटाखाली ठोके लागत.
"भितूर कोण दार वाजयता," म्हणे.
देवळात गाऱ्हाणं घातलं, नारळ दिला.
मी गप्प.
टोपीखाली माझीही टाळू अजून चेपते
हे तिला कधी सांगितलंच नाही.

आता एकोणीसची पोर
डॉक्टरांना सरळ विचारते,
"पुढं माझ्या बाळाला?"
"निम्मी शक्यता."
"म्हणजे आजोबांचा अर्धा वाटा,"
आणि हसली,
दुहेरी दातांवर हात धरून.
मला हसू आलं नाही.

कुडाळला एसटी बदलली.
दोघांच्या बाकाशी एक बाई उभी,
बाजार उरकून, रिकामी पाटी घेऊन.
"वायच सरा गे."
आम्ही सरलो नाही. एकमेकांकडं न बघता
खांदे तेवढे मिटले.
ती बसली, अगदी ऐसपैस,
मग वळून वळून बघत राहिली,
ही जागा आली कुठून.

फोटोचं पाकीट सुलक्षाच्या मांडीवर.
पाटीतलं खारं पाणी त्याच्यावर ठिबकत होतं
परुळ्यापर्यंत.
दोघांपैकी कुणीच ते हलवलं नाही.