पान अकरा

इंजिनिअरच्या अहवालात पान अकरावर शब्द होता, डिच.
पंचायतीला मराठी प्रत हवी, शुक्रवारपर्यंत.
टेबलावर आजोशीचा नकाशा,
पोंयच्या निळ्या रेषेवर माझ्या चहाच्या कपाचं वर्तुळ.

चर, मी लिहिलं. सोपं होतं.
मग खोडलं,
कारण आमच्यात चर म्हटलं की
गुरं मान खाली घालतात,
हेर कान टवकारतात,
आणि काळजात एक र जास्तीचा वाजतो.
खंदक लिहावा तर मागोमाग किल्ला आला, तोफा आल्या,
इथं तर नुसते खेकडे.
गटार लिहिलं तर सरपंच रागावणार.
नाला आपल्या पायांनी येतो,
त्याला कुणी खणत नाही.

दुपारी फोंड्याहून भाचीचा फोन.
मावशी, त्यानं मला डिच केलं.
म्हणजे?
म्हणजे काय म्हणजे,
मिरामारला दीड तास उभी होते मी.
मी तिला काय बोलले ते आठवत नाही.
समोर पान अकरा उघडं होतं एवढं आठवतं:
रुंदी दीड मीटर, खोली एक मीटर, उतार मानशीकडे.
मापं जुळत होती.

दाबोळीचे भावोजी म्हणाले,
विमान समुद्रात टेकवायची पाळी आली
तर त्यालाही हाच शब्द.
पाण्याला चर पडतो?
पडतो की, पोट घासत जातं तेवढा वेळ.
मग पाणी मिटतं.

आणि मीटिंगमध्ये साहेब:
धिस इज अवर लास्ट डिच.
मी नकाशावर बोट फिरवून मोजले,
अजून सात होते.

रात्री जाड कोशात, बारीक टायपात, शेवटी सापडलं.
खणलेली जागा आणि खणून वर रचलेली माती
दोघांचं नाव पूर्वी एकच होतं.
पुढं कधीतरी वाटण्या झाल्या,
खड्डा एका भावाकडं, उंचवटा दुसऱ्याकडं,
आणि येणंजाणं बंद.

गुरुवारी ओहोटीच्या वेळेला स्कूटर बांधापाशी लावली.
बुधो गावडे कमरेइतका चिखलात.
वय विचारलं तर मानशीच्या फळ्या दाखवतो,
त्या मागच्या खेपेला बदलल्या तेव्हा
त्याची थोरली रांगत होती.
चिखलाचा गोळा कापतो,
वर उभ्या सुनेच्या हातात देतो,
ती बसवते, पायानं दाबते,
परत हात पुढं करते.

ह्याला तुम्ही काय म्हणता, मी विचारलं.
बांद, तो म्हणाला.
तो नव्हे, हा खालचा,
तुम्ही उभे आहात तो.
त्यानं खाली पाहिलं, वर पाहिलं,
मग जरा दयेनं माझ्याकडं.
तोच गे तो. हांगाचो थंय वता.

पलीकडं कामिलबाबाची शेतं.
मुलं स्विंडनला, बांध फुटून सहा पावसाळे झाले.
एकेकाळी कोरगुट पिकायचं तिथं
आता खारं पाणी येतं, जातं,
तिवरांची पोरं गुडघ्याएवढी झाली आहेत.
अहवालात त्याला पडीक म्हटलंय.
माझ्या भाचीकडं त्याला दुसरा शब्द आहे.

भरती लागली तसा बुधो वर आला,
सुनेनं हात दिला नाही,
तिचे हात भरलेले होते.

शुक्रवारी प्रत दिली. पान अकरा: चर.
समासात पेन्सिलीनं, बांधासकट वाचावे.
टायपिस्ट निवेदितानं ती ओळ गाळली,
समासातलं टाइप करायचं नसतं म्हणाली.

माझ्या चपला अजून दारात आहेत.
चिखल वाळला,
वर मिठाची पांढरी कड आली आहे,
आणि भाची आली की ती उंबऱ्यात बसून
नखानं ती खरवडते,
काही न बोलता.