दांड्यावरचं अक्षर

काउंटरवर त्याने ड्रायव्हर ठेवला,
आजारी जनावर ठेवावं तसा, हळू.
"खाली राहतो," म्हणाला, "आणि उजवीकडे जातो."
चेंडूचा दोष काढून झाला होता,
वाऱ्याचा, नव्या हातमोज्याचाही.

मी दांडा फिरवून बघितला. एक्स.
ट्रॉलर विकली त्या वर्षी घेतलेला.
तेव्हा खांद्यांत जाळ्यांची ओढ शिल्लक होती
आणि पोरं म्हणायची,
वुल कावीचा फटका बंदराच्या भिंतीपर्यंत ऐकू येतो.
आता त्याला एकाहत्तर.
डाव्या हाताची दोन बोटं विंचने नेली,
उरलेल्या तिघांवर सगळा भार.

मूठ शिकंज्यात आवळली, टोक ओढून सोडलं.
टोकाची रेघ होती, तिचा पंखा झाला.
आकडा आला: मिनिटाला दोनशे बहात्तर हेलकावे.
म्हणजे ताठ.
चांगला नव्हे, वाईट नव्हे. ताठ.
मग त्याला मागच्या जाळीत मारायला लावलं.
यंत्र म्हणालं, ताशी सत्त्याहत्तर मैल.
आकडा त्याच्याकडे पाठ करून होता. मी तो तसाच राहू दिला.

सांगता आलं असतं:
हात खाली येतात तेव्हा दांडा आधी मागे रेंगाळतो,
आणि शेवटच्या हातभर अंतरात
सगळा उशीर एका झेपेत भरून काढतो.
पण त्याला वाकवायला कुणी लागतं.
नाहीतर तो गजासारखा येतो, गजासारखा जातो,
आणि चेंडू खाली राहतो, उजवीकडे जातो.

नाही सांगितलं. पुढचा प्रश्न मला ठाऊक होता.
एक्स नाही तर एस? एस नाही तर आर?
आणि आरच्याही खालचं ते ए,
ज्याला कॅटलॉगात 'सीनियर' म्हणतात
आणि क्लबहाउसात त्याहून वाईट काहीतरी.

खरं तर ही अक्षरं कुणी एकत्र बसून ठरवलेलीच नाहीत.
एका कारखान्याचा आर दुसऱ्याच्या एसहून ताठ निघतो.
पोर्टनॉकीत कावी इतके,
की नुसतं कावी म्हटलं तर टपालवाला दारातच उभा राहतो;
म्हणून कुणी बो, कुणी दोझी, कुणी शेव्ही.
दांड्यांना टोपणनावं नाहीत.
शिकंज्यात धरून प्रत्येकाला विचारावं लागतं,
बाबा रे, तू नेमका कोणता?

मोडेन पण वाकणार नाही, असं माणसं म्हणतात.
मोडलेले दांडे माझ्या मागच्या खोलीत पिंपभर आहेत.
वाटाण्याच्या वेलांना आधार म्हणून मे महिन्यात घेऊन जातात लोक.

तीन दांडे काढले. तिघांच्या अक्षरांवर
काळी चिकटपट्टी गुंडाळली.
"हे काय?"
"रंग उडालाय."
पहिल्याला तो काही बोलला नाही.
दुसऱ्याला शिवी दिली.
तिसऱ्याला फटका बसला आणि तो तसाच उभा राहिला,
हात वर, मान थोडी कलती,
लांबून इंजिनाचा आवाज येतोय आणि ते आपलंच आहे का
हे ओळखणाऱ्या माणसासारखा.
"पुन्हा," तो स्वतःलाच म्हणाला.
पुन्हा. मग अकरा वेळा.

पैसे मोजताना अंगठा पट्टीवर ठेवला.
नखाने कड जराशी उचलली.
मी पावती लिहीत राहिले, अगदी सावकाश,
मुद्दाम स्पेलिंग चुकवून.
कड त्याने परत दाबून बसवली.

नोव्हेंबरात आला, ग्रिप बदलायला.
कलनच्या सातव्यावर आता वारा मागून असला
तर खडकाच्या पलीकडे पडतो म्हणे.
खरं असेल, नसेलही; मी तिथे नव्हते.
पट्टी तीच होती,
कडा खाऱ्या हवेने पांढुरक्या, एका जागी सुटत आलेली.
ग्रिपचे घेतले.
पट्टीवर नवी पट्टी गुंडाळली,
तिचे नाही घेतले.