हवा कुठूनतरी शिरतेय

सहाव्या लाथेला ती उठली,
खोकली, शेडभर निळा धूर सोडला
आणि मग थांबेचना.
ॲक्सिलरेटर सोडला तरी किंचाळत राहिली,
भांडण मिटल्यावरही
एखादं माणूस बोलत राहतं तशी.
मग एकदम मान टाकली.

मोद्रिसला फोन लावला.
तो आयर्लंडमध्ये, अळंब्यांच्या कारखान्यात,
रात्रपाळीआधी उभ्यानं काहीतरी खात होता.
"इंजिनाजवळ धर फोन. अजून जवळ.
पेट्रोल दे. सोड. गप्प बस, व्हिज्मा, ऐकू दे."
नऊ वर्षांत आमच्या घरातलं काही
त्यानं इतका जीव लावून ऐकलं नव्हतं.

मग सुरू झालं त्याचं, हे बघ, ते बघ.
टाकीतलं जुनं पेट्रोल आधी ओतून दे;
ओतलं, त्याला वॉर्निशचा वास होता.
नवं पाच लिटर, त्यात तेल सव्वाशे मिली,
कफ सिरपच्या टोपणानं मोजू नकोस.
(टोपणानंच मोजलं.)
कार्बोरेटर उघड.
आतली पितळेची जेट केसाएवढ्या भोकाची,
उजेडाकडे धरली तर पलीकडचा बर्च
टाचणीच्या टोकाएवढा दिसायला हवा.
तार घालू नकोस, पितळ मऊ असतं.
मी झाडूची एक काडी घातली.
बर्च दिसला.
बाईक मात्र तशीच किंचाळली.

त्रेचाळिसाव्या वर्षी हे कसलं खूळ,
तालिवाल्दिस कुंपणापलीकडून म्हणाला,
आणि तासाभरानं पाना घेऊन आला.
इथे जूनमध्ये अकरापर्यंत उजेड रेंगाळतो,
म्हणून कामाला अंत नसतो.

तिसऱ्या संध्याकाळी प्लग काढला.
पांढरा. भाजलेल्या हाडासारखा.
"पांढरा?" मोद्रिस म्हणाला,
"मग पेट्रोल कमी नाही, हवा जास्त आहे.
कुठूनतरी शिरतेय."
तेवढ्यात खांबावर करकोच्यानं चोच वाजवली,
टक टक टक टक,
आणि तो सगळं विसरून म्हणाला,
"आले यंदा?"
"मार्चमध्येच. तीन पिल्लं आहेत."
"तीन," तो म्हणाला. बराच वेळ पुढे काही नाही.
मग, "स्प्रे घे. चालू इंजिनावर
एकेका सांध्याशी मार. जिथे सूर बदलेल, तिथे."

क्रँकच्या सीलशी, काही नाही.
सिलिंडरच्या बुडाशी, काही नाही.
कार्बोरेटरमागच्या रबरी गळ्याशी
नळी जेमतेम टेकवली
आणि इंजिनाचा आवाज चिरकला.

काढून पाहिला गळा.
खालच्या बाजूनं, जिथे कुणाचा हात जात नाही,
बोटभर चीर, आणि चिरेवर
सायकलच्या ट्यूबचं ठिगळ,
कडा कातरीनं गोल केलेल्या, नीट, जीव लावून.
गोंद वाळून त्याची खपली झालेली.
असल्या गोल कडा आमच्या घरात एकच माणूस कातरायचा.

"मोद्रिस, हे तू कधी केलंस?"
फोनमध्ये कुणाच्यातरी ट्रॉलीची चाकं वाजत गेली.
"वडिलांना नवा घातला म्हणून सांगितलं होतं.
पैसे त्यांनी दिले होते. ते दुसरीकडे गेले."
मग म्हणाला,
"एका सीझनपुरतंच लावलं होतं गं.
तेवढाच टिकणार होता."

एका सीझनपुरतं. हे शब्द मी
त्याच्या तोंडून विमानतळावरही ऐकले होते.
बोलले नाही. हातात ठिगळ होतं,
ते सोलताना अजूनही जोर लागत होता.

रीगाहून नवा गळा आला, अकरा युरो.
बसवला, क्लिपा आवळल्या, लाथ मारली.
दुसऱ्याच लाथेला उठली.
पेट्रोल दिलं, चढली. सोडलं,
आणि उतरली,
जिन्यावरून उतरावं तशी, एकेक पायरी.
तालिवाल्दिसनं टोपी काढून पुन्हा घातली.

फोन इंजिनाजवळ धरला.
तिकडे पाळीची घंटा वाजली, तरी तो गेला नाही.
शेवटी म्हणाला,
"वर जरा अडखळतेय. तेल किती घातलंस?"
"दीडशे."
"सव्वाशे सांगितलं होतं मी."
"माहितेय," म्हटलं. "धूर हवा होता मला."