उलटा अर्धा फेरा

ओट्याखालचं दार तिसऱ्यांदा निखळलं.
वरचा स्क्रू घरंगळत पिठाच्या डब्यामागे.
मी तो शोधला, भोकात धरला
आणि खलातल्या बत्त्यानं ठोकला. खिळ्यासारखा.
मी, एकतीस वर्षं आठवी ब ला विज्ञान शिकवलेली.

दुपारी शमा शिकलगार आली,
स्कूटीला ड्रिलची पेटी बांधून.
हिचे वडील राजवाड्यापाशी करवतींना धार लावायचे.
भोकातला भुसा तिनं चिमटीत घेतला,
चोळला, हुंगला,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,
"बाई, ठोकलात ना?"

खोटं बोलता आलं नाही.

"आतले सगळे आटे फाडलेत.
आता लाकडानं धरायचं तर कशाला?"

मागितलं काय, तर काडेपेटी.
चार काड्यांची गुलं मोडली, काड्या फेविकॉलात बुडवून
भोकात दाबल्या, वर आलेलं पटाशीनं छाटलं.
"आता चहा. वाळू दे. घाई झाली की पुन्हा तेच."

चहाबरोबर तिला कंठ फुटला.
सागाला म्हणे आधी वाट पाडून द्यावी,
स्क्रूच्या गाभ्याएवढी, आट्यांएवढी नाही;
न देता घुसलात तर कडेला चिरतो,
आणि चिरलेला साग कुणाच्या बापाचं ऐकत नाही.
आट्यांवर आंघोळीच्या साबणाची चिपटी फिरवावी.
पितळी स्क्रू हळवा, मान मोडून घेतो,
म्हणून त्याच मापाचा लोखंडी आत फिरवून काढायचा,
मग पितळी. नवरीआधी करवली जाते, तसं.
प्लायवूड तोंडावर धरतं, कडेवर पापुद्रे सोडतं.
भिंतीला गिट्टी, पण भोकातली धूळ फुंकून;
नाहीतर गिट्टी आतच गरगरते,
जेवायला बसायचं सोडून गावभर फिरणाऱ्या पाहुण्यासारखी.
टाइलवर चिकटपट्टी लावा, ड्रिलची ठोक बंद करा, दम धरा.
"आणि बसला की थांबायचं, बाई.
शेवटचा फेरा हौसेचा असतो. तोच आटे खातो."

मंगळवार पेठेतल्या माझ्या खिडकीतून
यवतेश्वरचा घाट दिसतो.
एक टेम्पो वळणं घेत वर चालला होता,
नारळाची पोती, बहुतेक.
फळ्यावर मी काटकोन त्रिकोण काढायचे,
कागदाचा कापून पेन्सिलीला गुंडाळायचे:
मळसूत्र म्हणजे दंडगोलाला गुंडाळलेला उतार.
मुली खाली मान घालून उतरवून घ्यायच्या.
एवढा घाट रोज समोर असून
मी त्याच्याकडे कधी बोट केलं नाही,
आणि आज बत्ता घेऊन
सरळ कड्यावरून ढकलून दिलं बिचाऱ्याला.

एका मुलीनं उत्तरात लिहिलं होतं,
"जो फिरत फिरत आत जातो
आणि ओढला तरी परत येत नाही, तो."
व्याख्या नाही. दोनपैकी शून्य.
हस्ताक्षर शमाचं होतं का, हे मला आज सांगता येत नाही.
तिला विचारायला तोंड उघडलं
आणि साखर बरोबर आहे का, तेवढंच विचारलं.

वाळलेल्या काड्यांत तिनं गिरमिटानं बारीक भोक पाडलं,
वरचा स्क्रू स्वतः बसवला.
खालचा जुनाच, धडका. त्याचं भोक शाबूत.
ड्रायव्हर माझ्या हातात दिला.
मी घट्ट धरून उजवीकडे वळवणार, तेवढ्यात
"अंहं. आधी उलटा. अर्धा फेरा.
टक् होईल."

फिरवला.
काही नाही.
अजून जरासा.
टक्.
जुना आटा जुन्या आट्यात उतरला,
मनगटाला कळलं, कानाच्या आधी.
"आता जा पुढं. नवा रस्ता खोदू नका, आहे तो आहे."

गेले. एक, दोन, पाच फेरे,
डोकं बिजागरीच्या वाटीत अलगद बुडलं,
आणि माझ्या हाताला अजून एकाची हौस आली.

तिनं दोन बोटं मनगटावर ठेवली. नुसती.

मग दार तीनदा उघडून लावलं,
ऐंशी रुपये घेतले, वीस परत दिले,
आणि उरलेल्या काड्या ओट्यावर तशाच ठेवून
गोडोलीच्या कामाला गेली.