डोळे बारीक करून

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये सव्वीस वर्षं
माझं काम एकच: चूक शोधणं.
ताव दिव्याखाली धरायचा,
कुठं रेघ तुटली, कुठं शाई फुटली,
बघायचं डोळे ताणून, पापणी न लववता.

आता भांडीबाजारात, दोन जिने चढून गेल्यावर,
सोनांबेकर सर म्हणतात, डोळे मिटा.
अहो, पूर्ण नाही.
दुपारी गोदेच्या पाण्यावर ऊन चमकतं
तेव्हा होतात तेवढे बारीक.
आता नाक दिसतंय?
नाही.
मग काढू नका.

ट्यूबा चारच. पांढरा, पिवळी माती,
शेंदराच्या नात्यातला एक लाल, आणि काळा.
बाकीच्या पेटीला सरांनी सायकलचं कुलूप घातलंय.
निळा मागितला तर म्हणाले,
आधी काळ्याला विचारून बघा.

समोर स्टुलावर मुरलीआप्पा वडनेरे,
तांबट आळीतले. तासाला शंभर रुपये आणि चहा.
घागरींना ठोके घालता घालता
दोन्ही कान गेलेले.
खाली रिक्षा कोकलते, बोहारीण घासाघीस करते,
आप्पांच्या भुवईपर्यंत काही पोचत नाही.

पहिल्या रविवारी आप्पांचा बटाटा झाला.
दुसऱ्या रविवारी बटाट्याला मिशा.
तिसऱ्या रविवारी सरांनी सुरीनं सगळं खरवडलं
आणि कॅनव्हासवर उरलेला धुरकट डाग दाखवला:
हा बघा, हा माणूस होता.
तुम्ही त्याच्यावर नाक चिकटवलंत.

थंडी कडाक्याची, जवसाचं तेल वाळत नाही.
पदराला त्याचाच वास;
सून विचारते, चटणी केलीत का?
उत्तरेच्या खिडकीतला उजेड ताकासारखा पातळ,
कपाळावर टेकतो, गालफडात उतरत नाही.
तिथं मी काळा घेते, त्यात लाल,
नखावर मावेल एवढी माती.
घाटाच्या ओल्या पायरीचा रंग होतो.
लावते. मागं सरकते.
बसतो.
पडताळायला नमुना नाही, कुणाचा शिक्का नाही,
तरी बसतो.

मग उजवा डोळा.
मोतीबिंदू पिकलेला, वर निळसर साय.
पेटीकडे बघितलं. कुलूप.
काळ्यात पांढरा कालवला, राख झाली.
राखच लावली, मातकट गालाच्या कडेला,
आणि ती निळी दिसायला लागली.
ट्यूबेत नव्हतं ते,
शेजारामुळे आलं.

चहाला उठले तेव्हा आप्पांनी
चित्राला नाक लागेल इतकं जवळ जाऊन पाहिलं.
बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले,
बरोबर आहे.
मला सगळे असेच दिसतात. तूपण.
कपाळावर उजेड, हनुवटीखाली अंधार.
मधलं मी आपलं धरून चालतो.

सर कप विसळत राहिले.
माझ्या हातातला ब्रश कोरडा होता,
तरी मी तो पुसला.

निघताना शंभराची नोट काढली,
सवयीनं आधी खिडकीकडे धरली.
आप्पांनी ती बोटांनी चाचपून घडी घातली, विचारलं,
पुढच्या खेपेला दाढी करून येऊ?
नको म्हणून मी हात हलवला.
त्यांना दिसला की नाही, कोण जाणे.