निवड

लक्ष्मी रोडच्या मागच्या बोळात माझं चष्म्याचं दुकान,
सात फूट बाय अकरा.
रात्री शटर अर्धं ओढून
मी हिमानीचे छर्रे निवडतो.

हिरव्या मखमलीवर डबा हलकेच उपडा करायचा,
चिमट्यानं एकेक उचलून भिंगाखाली धरायचा :
डोकं सपाट, कंबर बारीक, खाली पोकळ परकर.
परकराला चेप दिसला की बाद.
जमिनीवर पडला की बाद, दिसायला धड असला तरी.
तीस वर्षं लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढले,
हा नंबर नवा :
चार पूर्णांक एकोणपन्नास, चार पूर्णांक पन्नास.
मधलं अंतर बोटाला कळत नाही,
नळीला कळतं.

आधी घरीच निवडायचो, परातीत,
तांदळातले खडे निवडावेत तसे.
ओव्हाळ बाईंना हे कळलं तेव्हा
त्या इतक्या हळू बोलल्या की मलाच घाम फुटला :
"शिसं आहे ते. त्या परातीत आता कणीक मळायची नाही."
खडकीच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं
तपासणीच्या बाकावर बसलेली बाई.
परात मोडीत गेली. भंगारवाल्यालाही मी बजावलं,
तो म्हणाला, साहेब, किलोचा भाव तोच.

त्यांनीच रायफल शिकंज्यात आवळून
पाच डब्यांतले पाच-पाच छर्रे कागदावर मारून दाखवले.
सर्वात महाग डब्याची भोकं
शनिवारवाड्यासमोरच्या गर्दीसारखी पांगली,
आणि मधल्या किमतीचा डबा
एकाच भोकातून पाचदा गेला.
"नळीला विचारायचं, दुकानदाराला नाही."
मी दुकानदार. गप्प राहिलो.

शेजारच्या गाळ्यातला शिरीष पोंक्षे म्हणे,
टोकदार घे की थोडे, गच्चीत पारव्यांनी वीट आणलाय.
हिमानीनं त्याच्याकडे असं पाहिलं
की तो पावती फाडायला लागला, कुणाची ते न बघता.

आता ती गोष्ट, जी तिला अजून सांगितलेली नाही.

फेब्रुवारीतली सकाळ, कर्वेनगरचं घर,
ती क्लासला गेलेली.
मागच्या दुर्बीणकड्यावर धूळ वाटली म्हणून
मी पेटी उघडली.
नळीत केशरी दोरी होती, आरपार.
छर्रा नव्हता. हवेची टाकी वेगळी काढलेली.
मला सगळं माहीत होतं.
काच पुसली, आणि पुसलेली काच
तपासल्याशिवाय राहवत नाही, तो माझा धंदा,
म्हणून खांद्याला लावून पाहिलं.

समोरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर,
एक पोरगी दात घासत होती.
पुढच्या कड्याच्या बरोब्बर मधोमध,
जिथं काळा ठिपका असायला हवा तिथं.
तोंडाला फेस, पायात एकच चप्पल.
तिनं मला हात केला.

रायफल पेटीत ठेवायला
मला किती वेळ लागला कुणास ठाऊक.
दुपारी रेंजवर जाऊन बाईंना सांगितलं.
रिकामी होती, म्हटलं.
"प्रत्येक पंचनाम्यात हेच वाक्य असतं,"
त्या म्हणाल्या, आणि पेटीची किल्ली मागितली.

तेव्हापासून किल्ली हिमानीच्या गळ्यात असते.
मी लाल पट्ट्यामागच्या बाकावर बसतो,
पोरं ओळीनं उभी, नळ्या कागदाकडे,
बोटं घोड्याबाहेर सरळ ताठ,
आणि बाईंचा "थांबा" आला की सगळं थांबतं,
अगदी एखाद्याची शिंकसुद्धा.
सुटल्यावर हिमानी नळावर जाते,
साबण लावून कोपरापर्यंत हात घासते,
मग डबा उघडते. पोळी थंड झालेली असते.

दुकानात रोज थोडे बाद छर्रे उरतात.
ते मी झाकणाच्या बाटलीत साठवतो,
बाटलीवर चिठ्ठी : शिसे, हात धुवा.
काल एक आजोबा डोळे तपासायला आले,
चिठ्ठी वाचून दाखवा म्हटलं.
पहिला शब्द वाचला त्यांनी,
दुसऱ्यापाशी अडखळले.
मी भिंग बदललं.